भरवू नका, चमचा जाड करा

कराम्याची खाणावळ • साप्ताहिक सदर • करामाकर

दुबईच्या कराम्यातल्या कुठल्याही कॅफेटेरियात करक चहा मागा. पातळ कागदी कप, काठोकाठ भरलेला, जीभ पोळेल इतका गरम. कपाला कान नाही, झाकण मागितलं तर मिळतं. धडधाकट माणूससुद्धा तो दोन बोटांनी काठाला धरून, फुंकत फुंकत नेतो. आता हाच कप कंपवाताने हात थरथरणाऱ्या सत्तरीतल्या गृहस्थांपुढे धरा. ते घेणार नाहीत. "नको, आत्ताच झाला घरी," म्हणतील. हिवाळ्यात मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आलेले आईवडील संध्याकाळी या गल्ल्यांत पुष्कळ दिसतात. त्यांच्यातल्या प्रत्येक 'आत्ताच झाला'वर माझा विश्वास बसत नाही.

एरवी या जागेवर पापलेट कुठे ताजं मिळतं आणि कुणाची मिसळ नुसतीच लाल असते, याची चर्चा चालते. आज पदार्थ बाजूला ठेवू. तो ताटातून तोंडापर्यंत कसा पोचतो, तेवढंच बघू.

दुबईने काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. इथे २०१७ पासून अपंगांना सरकारी भाषेत 'पीपल ऑफ डिटरमिनेशन' म्हणतात. मेट्रोला लिफ्ट आहे, मॉलमध्ये राखीव पार्किंग आहे, दाराशी रॅम्प आहे. हॉटेलच्या उंबऱ्यापर्यंत सोय पोचली. उंबऱ्याच्या आत मात्र गुळगुळीत मेलामाइनची सपाट प्लेट, तिच्यावर घसरणारी वाटी आणि पत्र्यासारखा पातळ चमचा.

यावरची साधनं काही कालपरवाची नाहीत. १७९७ साली उजवा हात गमावलेल्या नेल्सन या इंग्रज नौसेनापतीच्या नावाने एक सुरी अजून ओळखली जाते. तिचं पातं वाकडं, डोलवत कापायचं आणि टोकाला काट्याचे दात, म्हणजे एकाच हाताने कापून उचलताही येतं. ज्यांना मूठ वळत नाही त्यांच्यासाठी तळव्यावर बांधायचा पट्टा असतो, त्यात चमचा खोचायचा. मान मागे टाकली की ज्यांना ठसका लागतो त्यांच्यासाठी पेल्याची एक कड नाकापुरती कापलेली असते. पेला पुरता कलला तरी मान सरळ राहते. आपल्याकडे तोंड न लावता वरून पाणी प्यायची पद्धत सोवळेपणाची म्हणून मिरवतो, पण ज्याचं गिळणं बिघडलंय त्याला तीच सर्वांत घातक.

महागडं टोक गाठायचं तर अनुपम पाठक या अभियंत्याच्या कंपनीने काढलेला लिफ्टवेअर चमचा आहे. त्यातले सेन्सर हाताची थरथर ओळखतात आणि छोट्या मोटरी चमच्याचं तोंड उलट दिशेने हलवून ते जवळजवळ स्थिर ठेवतात. ही कंपनी २०१४ साली गूगलने विकत घेतली. सुरुवातीला चमच्याची किंमत २९५ डॉलर होती. मला त्याचं कौतुक आहे, पण त्याच्यावाचून कुणाचं जेवण अडावं असं नाही. संधिवाताच्या बोटांना नुसती जाड मूठ पुरते. वस्तू जाड असली की ती धरायला कमी जोर लागतो. थरथरीला काही वेळा जड चमचा उपयोगी पडतो, मात्र स्नायूच दुबळे झाले असतील तर तोच जड चमचा चार घासांत दमवतो. म्हणून एकाला लागू पडलं ते दुसऱ्याला आणून देण्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारावं.

हे शास्त्र आपल्याकडे आणलं ते एका मराठी घरच्या सुनेनं. एलिझाबेथ लुंडी ही अमेरिकन बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली तिनं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण देणारी भारतातली पहिली शाळा सुरू केली आणि १९५२ मध्ये या शाखेची अखिल भारतीय संघटना उभी केली. फलटणला तिच्या नावाची मुलांची शाळा आहे, ती अनेकांना ठाऊक असते. केईएमचं काम फार थोड्यांना. माणसाला कपडे घालता यावेत, केस विंचरता यावेत, स्वतःच्या हाताने जेवता यावं, एवढ्यासाठी एक अख्खी विद्या असते, हे तेव्हा लोकांच्या गळी उतरवायला तिला किती बोलावं लागलं असेल!

तरीही एक गाठ सुटलेली नाही. ही बहुतेक साधनं काट्याचमच्याने जेवणाऱ्यांसाठी घडली आहेत. आपलं जेवण बोटांचं. पोळी एका हाताने तोडताना अंगठा आणि एक बोट तुकडा ओढतं, बाकीची बोटं उरलेली पोळी दाबून धरतात. हे किती अवघड कसब आहे ते हात गेल्यावरच कळतं. वरणभात कालवायला पाचही बोटं हवीत. पायाच्या बाबतीत आपण हा प्रश्न सोडवला होता: १९६०च्या दशकात जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी असा पाय बनवला की बुटाशिवाय चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते. हाताच्या घासासाठी तसा विचार कुणी मन लावून केलेला मला दिसत नाही. सरकारी याद्याही बघा. महाराष्ट्राच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ज्येष्ठांना साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात: चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, कमरेचा पट्टा. चालणं, ऐकणं, बसणं सगळं आहे. जेवण नाही, कारण जेवायला घालायला घरी कुणीतरी असतंच, असं आपण धरून चालतो.

आणि असतंही कुणीतरी, खरा पेच तिथे आहे. रविवारी दुपारी कुठल्याही मराठी टेबलावर हे दृश्य दिसेल. सासूबाईंचा हात चमच्याकडे जातो, आमटीचे दोन थेंब टेबलावर सांडतात, आणि सून तत्परतेने म्हणते, "आई, राहू द्या, मी भरवते." बोलण्यात प्रेमच असतं. चिऊकाऊच्या घासापासून लग्नातल्या घासापर्यंत भरवणं हीच आपली प्रेमाची भाषा. पण आईंचा हात मांडीवर परत जातो तो पुढच्या रविवारी टेबलावर येतच नाही. घास केवढा, पुढचा कधी, मध्ये पाणी हवं की लोणचं, हे सगळं आता दुसरं कुणीतरी ठरवतं.

हे नुसतं मन दुखवण्यापुरतं असतं तर मी इतका हट्ट धरला नसता. अमेरिकेत सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ वृद्धांचा मागोवा घेतला आणि १९९८ साली निष्कर्ष छापले. अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया कुणाला होतो, हा प्रश्न होता. गिळण्याचा दोष एकटा असेल तर तेवढ्याने भागत नव्हतं. दुसऱ्याने भरवावं लागणं हे धोक्याच्या सर्वांत ठळक खुणांपैकी एक ठरलं. आजार जास्त असलेल्यांनाच भरवावं लागतं, हेही त्यामागे असणार. तरी भरवणाऱ्याचा वेग जेवणाऱ्याच्या घशाला ठाऊक नसतो, हे घरी कुणालाही पडताळून पाहता येईल. ज्यांना भरवल्यावाचून गत्यंतरच नाही त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. दोन थेंब सांडले म्हणून ज्यांचा चमचा काढून घेतला, त्यांच्याबद्दल बोलतोय.

दुसरी अडचण डाव्या हाताची. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर उजवा हात लुळा पडतो, बऱ्याचदा वाचाही जाते. उरतो डावा. आणि डाव्या हाताने जेवणं आपल्या पंगतीत चालत नाही, अरबांच्या थाळीतही नाही. उजव्या हाताची वाट बघत उपाशी राहणाऱ्या आजोबांना "काका, डाव्यानेच घ्या" असं चारचौघांत मोठ्याने म्हणणारा एखादा पुतण्या लागतो. तो नसेल तर डाव्या हातात चमचा द्यावा. चमचा आला की सोवळंओवळं थोडं सैल होतं, असा माझा अनुभव आहे.

कराम्यात राहून या सगळ्याला फार खर्च येत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप हार्डवेअरच्या दुकानात वीतभर कापून मागा आणि चमच्याच्या दांड्यावर चढवा. जाड मूठ तयार. धुवायला काढता येतो, फाटला तर नवा. ताटाखाली ओला रुमाल चौघडी घालून ठेवला की ताट सरकत नाही. आपलं जुनं उभ्या काठाचं स्टीलचं ताट पुन्हा काढा: एका हाताने भात काठाशी लोटला की तो चमच्यात आपोआप चढतो. परदेशात प्लेटला कड बसवायचं प्लॅस्टिक वेगळं विकत घेतात, आपण ती कड असलेली ताटं भंगारात देऊन सपाट प्लेटी आणल्या. आणि स्मृतिभ्रंश असेल तर पांढऱ्या प्लेटीत दहीभात वाढू नका. २००४ साली बोस्टनच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना ठसठशीत लाल रंगाची भांडी दिली, तेव्हा खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं.

आता स्ट्रॉ. वाकणारी स्ट्रॉ जोसेफ फ्रीडमन या अमेरिकन माणसाने लहान मुलीला उंच काउंटरवर मिल्कशेक पिता यावा म्हणून काढली, १९३७ साली पेटंट घेतलं. पण तिचं पहिलं गिऱ्हाईक, १९४७ साली, रुग्णालय होतं. दुबईत १ जानेवारी २०२५ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली, भारतात ती १ जुलै २०२२ पासून आहे. बंदीला माझा विरोध नाही, समुद्र आपलाच आहे. पण कागदी स्ट्रॉ गरम चहात लगदा होते, आणि धातूची स्ट्रॉ तोल जाणाऱ्याच्या तोंडाशी धोक्याची. इंग्लंडमध्ये २०१८ साली एक महिला पडली आणि तशी स्ट्रॉ डोळ्यात घुसून दगावली. त्याच इंग्लंडने २०२० साली बंदी आणताना हॉटेलांना मुभा ठेवली: दर्शनी ठेवू नका, मागेल त्याला द्या. आपल्या कामाला धुऊन पुन्हा वापरायची सिलिकॉनची वाकणारी नळी पुरते. ज्यांना पातळ पदार्थांनी ठसका लागतो त्यांनी मात्र कुठलीही नळी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. नळीतून घोट मोठा येऊ शकतो.

तेव्हा कराम्यातल्या हॉटेलमालकांकडे मागणं एवढंच: गल्ल्याखालचा एक खण. त्यात दोन जाड मुठीचे चमचे, दोन कानांचा झाकणवाला एक मग, चार सिलिकॉनच्या नळ्या, उभ्या काठाचं एक ताट. मेन्यूच्या तळाशी एक ओळ, आणि वेटरला एक सूचना: गिऱ्हाइकाने मागितलं तर सोबतच्या माणसाकडे न बघता त्याच्याच हातात द्यायचं.

मालक म्हणतील, इतक्या वर्षांत कुणी मागितलं नाही. खरंय. ज्यांना लागतं ते आत येतच नाहीत. त्यांची थाळी रोज रात्री पार्सल होऊन जाते आणि मालक ती 'टेक अवे' म्हणून मोजतात.