टेकडी मुलांसाठी राखावी

मुलांना डोंगर दाखवावयाचा तर सिंहगडच गाठावयास हवा, असा पुण्यातील पुष्कळ पालकांचा समज दिसतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला गडाची चढण पेलत नाही. मग बेत मोटारीने वर जाऊन कांदाभजी खाण्यावर येऊन ठेपतो. वस्तुतः त्या वयाला पेलेल अशी चढण घराजवळच आहे. पर्वतीच्या शंभरांहून थोड्या अधिक पायऱ्या मूल मोजत मोजत चढते आणि वर पोचले की सारे शहर त्याच्या पायाशी असते. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी येथील पाऊलवाटा तर याहून मोलाच्या. तेथे मोराची केका ऐकू येते; पाय घसरलाच तर गुडघा खरचटतो, आणि मूल कंटाळले तर मागे फिरता येते. चालण्याची गोडी लागते ती अशाच वाटांवर.

परंतु या वाटाच आज निर्धास्त नाहीत. बालभारती ते पौड फाटा हा रस्ता वेताळ टेकडीवरून नेण्याचा घाट अनेक वर्षे घातला जात आहे. त्याविरुद्ध २०२३ साली नागरिकांनी मोर्चाही काढला. वाहतुकीची कोंडी खरी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कोंडीवर दुसरे उपाय शोधता येतात. फोडलेली टेकडी पुन्हा उभारता येत नाही. वाहनधारकांची बाजू मांडणारे पुष्कळ आहेत. पाच वर्षांचे मूल हरकत नोंदवावयास महापालिकेत जाऊ शकत नाही. ते काम त्याचे बोट धरून टेकडी चढणाऱ्यांनी करावयाचे आहे.