आधी मुलांची उंची मोजा

मे महिना आला की डोंबिवलीच्या घराघरांत इमॅजिकाचा हट्ट सुरू होतो. खोपोलीजवळचे हे थीम पार्क 2013 मध्ये उघडले, आणि सहलीची पहिली तयारी म्हणून पालक तिकिटाची सवलत शोधतात. खरे तर आधी मुलांची उंची मोजायला हवी.

नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरला उंचीची अट असते. तासभर रांगेत उभे राहिलेले पोर मोजपट्टीपाशी दोन बोटे कमी भरते, रडवेले होते; आई त्याच्यासोबत बाहेर थांबते, बाबा मोठीला घेऊन आत जातात. सुरक्षेचा नियम योग्यच आहे. चूक नियोजनाची.

म्हणूनच पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी ठाण्यातले, मानपाड्याजवळचे टिकुजीनी वाडी हे मनोरंजन उद्यान अधिक शहाणपणाचे. प्रवास थोडा, आजी-आजोबाही सोबत येऊ शकतात आणि मूल दमले की लगेच घरी परतता येते.

इमॅजिकालाच जायचे असेल तर शनिवार-रविवार टाळावा. तिथल्या वॉटर पार्कसाठी नायलॉनचे कपडे घरूनच न्यावेत. कल्याणहून कर्जतमार्गे खोपोली लोकल मिळते, पुढे रिक्षा. मात्र या गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे परतीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.