कामं झाली, पण विचारायचं कुणाला?

बेळगाव महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ रोजी. मधली अडीच वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती. इंदूरला २०२० च्या सुरुवातीपासून जुलै २०२२ पर्यंत तेच, आणि मुंबईत तर मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे नगरसेवकच नव्हते. कारणे वेगवेगळी सांगितली गेली: वॉर्ड पुनर्रचना, ओबीसी आरक्षण, मध्ये कोरोना. राज्यघटनेचे कलम २४३-यू मात्र स्पष्ट आहे. पाच वर्षे संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी.

यावर नेहमीचं उत्तर, ‘नगरसेवक नव्हते तेव्हा कामं उलट बरी झाली.’ इंदूरपुरतं ते खोटंही नाही. २०२१ चा देशातील सर्वात स्वच्छ शहराचा मान त्या शहराने सभागृह नसतानाच मिळवला. मग नागरिकाचं गेलं काय?

उदारमतवादी हिशेबाने फारसं काही नाही. इसाया बर्लिन यांनी १९५८ च्या ऑक्सफर्डमधील व्याख्यानात उलगडलेला अर्थ असा, की वाटेत कुणी आडवं येत नाही तोवर माणूस मोकळा. गणराज्यवादी अर्थ त्याहून जुना, रोमन काळातला. फिलिप पेटिट यांनी १९९७ मध्ये तो नव्याने मांडला. मालक दयाळू असला, त्याने कधी हात उगारला नाही, तरी गुलाम तो गुलामच. कारण मालकाची मर्जी उद्या फिरली तर ती अडवायला कुणी नाही. चांगला आयुक्त मिळणं हेही असंच नशीब. त्याची बदली बेंगळूर नाहीतर भोपाळ ठरवतं, घरपट्टी भरणारा नव्हे.

सीमाभागाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. सभागृह परत आलं म्हणून मराठी कागदपत्रांचा प्रश्न सुटला, असं झालं नाही. बहुमतही मालकासारखं वागू शकतं, कुणाचंही असो. तिथे उपयोगी पडतो तो उदारमतवादी हक्कच. कलम ३५० प्रमाणे सरकारी अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, म्हणजे बेळगावात मराठीतही. त्यासाठी बहुमताची परवानगी लागत नाही.

पण टेबलावरच्या कारकुनाने तो अर्ज परत केला तर? कोर्टात जायला वेळ आणि पैसा किती जणांकडे असतो? बहुतेक जण वॉर्डातल्या नगरसेवकाचं घर गाठतात. त्या अडीच वर्षांत ते दारच नव्हतं.