आधी वाटा दाखवा

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की आपल्या जिल्ह्यातील हजारो घरांत एक प्रश्न येऊन उभा राहतो आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर एका संध्याकाळीच देऊन टाकले जाते. सातवी-आठवी आटोपलेल्या मुलाने हायस्कुलात कोणते विषय घ्यावेत? गणित व विज्ञान मराठीतून शिकावे की सेमी-इंग्रजीतून, हिंदी पूर्ण घ्यावी की संस्कृतशी जोडून, तंत्रविषय घ्यावा की न घ्यावा? प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. शाळेच्या छापील अर्जावर त्यांना दोन-चार रकाने पुरतात. परंतु त्या रकान्यांतील खुणा मुलाच्या पुढील चार वर्षांची, आणि पुष्कळदा त्याच्या साऱ्या आयुष्याची, दिशा ठरवून जातात. म्हणून जो विषय एरवी मुख्याध्यापकांच्या खोलीत संपतो, तो आज आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत.

ही निवड प्रत्यक्षात कशी होते, हे प्रथम मोकळेपणाने पाहू. शेजारच्या मुलाने सेमी घेतले म्हणून आपल्यानेही घ्यावयाचे. संस्कृत भाषेच्या गोडीसाठी नव्हे, तर ‘गुण देणारा विषय’ म्हणून घ्यावयाचे. ज्या तुकडीत जागा शिल्लक असेल तीत नाव घालावयाचे आणि परतीची एसटी ज्या वेळेस मिळते त्या वेळेची शाळा पत्करावयाची. वर्गात खडू हाती धरलेल्या कोणासही हे नवीन नाही. त्यावर कळस म्हणजे गावोगाव रूढ झालेली उतरंड: हुशार तो विज्ञानाकडे, मध्यम तो वाणिज्याकडे, उरलेला कलाशाखेकडे, आणि ज्याचे कोठेच जमले नाही तो आयटीआयकडे. ही उतरंड मुलाच्या कानांवर सहावी-सातवीपासून पडू लागते. मग ज्याच्या हातात उत्तम कसब आहे तो स्वतःला ‘ढ’ समजू लागतो, आणि ज्याला इतिहासाचे वेड आहे तो ते लपवून भौतिकशास्त्राची शिकवणी लावतो. अलीकडे तर कोटा आणि लातूर यांच्या नावाने आठवीपासूनच ‘फाउंडेशन’चे वर्ग चालतात आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या नावे डॉक्टरकी किंवा इंजिनीअरिंग आधीच लिहून ठेवले जाते.

मुलाची वाट कोणत्या वयात ठरवावी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. एके काळी मराठी शाळेतून इंग्रजी शाळेत जावयाचे की व्हर्नाक्युलर फायनल पुरी करून प्राथमिक शिक्षकाची नोकरी धरावयाची, असा दुहेरी रस्ता होता, आणि तो बहुधा घरच्या परिस्थितीनेच ठरत असे. स्वातंत्र्यानंतर 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान असे सात गट माध्यमिक शाळेतच असावेत, म्हणजे ज्याला जे मानवेल ते तो घेईल, असा तिचा आशय होता. पुढे 1964-66 च्या कोठारी आयोगाने सांगितले की, पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण द्यावे, शाखा नंतर निवडाव्यात. त्या आराखड्यानुसार महाराष्ट्रात 1975 साली दहावीची शालान्त परीक्षा झाली आणि निवडीचा मुख्य क्षण अकरावीच्या दारात गेला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा कल्पून, त्यात विषयनिवडीची मोकळीक देण्याचे ठरविले. लंबक पुन्हा खाली, म्हणजे आठवीच्या दिशेने सरकला आहे.

आयोगांचा हा वाद वयाबद्दल आहे. आमच्या मते खरा प्रश्न वयाचा नाही. मुलाने निवडीपूर्वी काय पाहिले आहे, हा आहे. ज्याने लेथ यंत्र फिरताना पाहिले नाही, प्रयोगशाळेतील मातीपरीक्षण पाहिले नाही, न्यायालयातील युक्तिवाद ऐकला नाही किंवा जमाखर्चाची वही उलगडून पाहिली नाही, त्याला तेराव्या वर्षी विचारले काय अन् सोळाव्या वर्षी विचारले काय, तो मित्राकडे पाहूनच उत्तर देणार! 2016 साली राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली आणि ती काही वर्षे चालली. हेतू चांगला होता. परंतु जे पाहिलेच नाही त्याकडे कल आहे की नाही, हे प्रश्नपत्रिकेला कसे कळावे? शिवाय दहावीच्या अखेरीस सांगितलेला कल म्हणजे गाडी फलाटावरून सुटल्यावर हाती आलेले वेळापत्रक होय.

याच धोरणात एक छोटी सूचना आहे. तिच्याकडे आपल्या शाळांनी जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही. सहावी ते आठवीच्या काळात प्रत्येक मुलाने दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या व जाणकारांच्या सहवासात काढावेत, असे ते धोरण सांगते. सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांचा त्यात उल्लेख आहे. हे दहा दिवस सहलीत किंवा रांगोळी स्पर्धेत संपवावयाचे की त्यांतून मुलांना वाटा दाखवावयाच्या, हे सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि आपल्या जिल्ह्याइतके साधन दुसरीकडे क्वचितच असेल. राहुरीस 1968 साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. अहिल्यानगर शहराला लागून नागापूरची औद्योगिक वसाहत आहे. अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता उभारलेली देशी वाणांची बीजबँक आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना आहे. एका कारखान्याच्या फाटकाच्या आत किती वाटा असतात, हे एकदा मुलांना दाखवावे. रस तपासणारा केमिस्ट विज्ञान शिकलेला, मिल चालती ठेवणारा फिटर आयटीआयचा, हिशेब पाहणारा वाणिज्याचा, कामगार कायदा सांभाळणारा कलाशाखेतून विधीकडे गेलेला, आणि शेतावर जाऊन उसाची नोंद करणारा स्लिपबॉय गावातलाच. यातील एकजण कामावर आला नाही तरी काम अडते. वरची उतरंड खोटी आहे, हे यापेक्षा चांगल्या रीतीने कोणता धडा शिकवील?

हाताने शिकण्याचा हा मार्ग नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला तो याच श्रद्धेने. वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया अशी कामे करीत मुलांनी विज्ञान शिकावे, ही त्यांची पद्धत पुढे ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या नावाने महाराष्ट्रातील अनेक माध्यमिक शाळांत पोचली. पाबळ आपल्या पारनेर-श्रीगोंद्यापासून फार दूर नाही.

शाखा म्हणजे जन्माची जात नव्हे, हेही मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. हिवरे बाजारचे पोपटराव पवार वाणिज्याचे पदव्युत्तर पदवीधर. 1989 साली ते गावचे सरपंच झाले आणि पुढे त्या गावाने पाऊस मोजून, विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद मांडावयास आरंभ केला. जमा किती, खर्च किती, म्हणून पीक कोणते, हे ग्रामसभेत ठरू लागले. जमाखर्चाची शिस्त एका दुष्काळी गावाच्या कामी आली. वाणिज्य शिकलेला तरुण शेतीच्या उपयोगाचा नाही, असे त्याच्या आठवीत कोणी म्हटले असते तर ते किती चुकीचे ठरले असते!

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. त्या कोणी एकत्र सांगत नाही म्हणून पालक चाचपडतात. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेणारा मुलगा अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट मोकळी आहे. म्हणजे आयटीआय ही भिंत नसून जिना आहे. पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम व सनदी लेखापालाची परीक्षा बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुली आहे. उलट कृषी पदवी, वैद्यक, औषधनिर्माण यांना बारावी विज्ञान लागते. तेथे मागाहून वळणे कठीण, हे आधीच ठाऊक असावे. कोणतीही वाट धरली तरी गणित आणि एक भाषा पक्की ठेवावी, कारण बहुतेक दारांच्या किल्ल्या याच दोन आहेत. आणि सेमी-इंग्रजीचा निर्णय प्रतिष्ठेवर न करता एका कसोटीवर करावा: मुलाला गणितातील कल्पना कळतात की केवळ इंग्रजी शब्द पाठ होतात?

आठवीचे वर्ष आणखी एका कारणाने मोलाचे आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा याच वर्षी द्यावी लागते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी ती आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मिळतात. टाकळी ढोकेश्वरच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीची संधी हुकलेल्यांना नववीतील रिकाम्या जागांसाठीही परीक्षा देता येते, आणि तिचा अर्ज आठवीतच भरावयाचा असतो. वर्ष उलटल्यावर हे कळून उपयोग काय?

मुलींच्या बाबतीत प्रश्न विषयाचा नसून पुष्कळदा शाळेचाच असतो. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर, आणि मुलगी ‘मोठी’ झालेली. विषय कोणता, यापेक्षा ‘पाठवायची का?’ हाच सवाल घरात निघतो आणि त्याच्या मागोमाग लग्नाची बोलणी. ज्या नगरात मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, त्या नगराला हे शोभत नाही. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. त्यांच्याच नावाने ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत प्रवास मिळतो आणि 2024 पासून आपला जिल्हाही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पास आहे, पण शाळेच्या वेळेस गाडी नाही, अशी अवस्था असेल तर ते नाव आपण नुसतेच मिरवितो, असे म्हणावे लागेल. मुलीच्या विषयनिवडीची पहिली अट वेळेवर येणारी एसटी ही आहे.

याहून कठीण स्थिती पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड कामगारांच्या घरांत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो तो पाडव्याच्या मागेपुढे परततो. शाळेत जेव्हा पुढच्या वर्षाची चर्चा होते तेव्हा हे आईबाप फडावर असतात, आणि कित्येकदा मूलही धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी त्यांच्याबरोबर गेलेले असते. 2021 साली संत भगवानबाबांच्या नावाने या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. ज्या पालकाला तिची माहिती निघण्यापूर्वी मिळते त्याचे मूल शाळेत टिकते. ज्याला मिळत नाही त्याच्या मुलापुढे निवडीला काही उरतच नाही. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरावयाचा तो मोबाइलवर. फडावरच्या बापाला त्यातला क्रम कोण समजावून सांगणार?

यावर शिक्षक म्हणतील की, याद्या, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे यांतून आम्हांला शिकवावयास सवड नाही, त्यात हे आणखी ओझे कशाला? त्यांची तक्रार रास्त आहे. पालक म्हणतील की, मुलाची आवड ठीक, पण पोट कशावर भरावयाचे? हाही प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर मूल वाढविणाऱ्याला नोकरीची चिंता असणारच. आवड की पोट, असा सामना आम्ही लावीत नाही. न पाहता, न विचारता घेतलेला निर्णय दोन्हींची हानी करतो, एवढेच आमचे म्हणणे आहे. नावडत्या विज्ञानात दोन वर्षे आणि शिकवणीचे लाखभर रुपये घालवून बारावीत अडकलेला मुलगा आवडीलाही मुकतो आणि पोटालाही.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि करण्याजोग्या आहेत. जिल्हा परिषदेने व खाजगी संस्थांनी सातवी-आठवीच्या पालकांची सभा दसऱ्यापूर्वी, म्हणजे ऊसतोडीची गावे रिकामी होण्याआधी, संध्याकाळच्या वेळी घ्यावी आणि तीत मुलांनाही बसवावे. प्रत्येक केंद्रप्रमुखाने परिसरातील हायस्कुलांत कोणते विषय मिळतात, वसतिगृह व एसटीची सोय कोठे आहे, शिष्यवृत्तीच्या तारखा कोणत्या, याचा एक पानी तक्ता साध्या मराठीत करून शाळेच्या भिंतीवर लावावा. दप्तराविनाचे दहा दिवस खरोखर कामाच्या ठिकाणी जावेत. त्यासाठी कारखाने, विद्यापीठ, दवाखाने, न्यायालये यांनी आपली फाटके उघडावीत. आणि नववीच्या पहिल्या सत्राअखेरपर्यंत विषय बदलू इच्छिणाऱ्या मुलाला कोणत्याही शाळेने तुकडीच्या सोयीसाठी अडवू नये. यांपैकी कशासही नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही.

शेतकरी बी पेरण्यापूर्वी जमीन पाहतो, ओल पाहतो, आणि तीच ती जमीन असूनही दरवर्षी नव्याने पाहतो. मुलाच्या बाबतीत तेवढी तरी तसदी आपण घ्यावी. यंदाचा दसरा फार दूर नाही. आपल्या गावच्या शाळेत अशी सभा केव्हा आहे, हे आजच मुख्याध्यापकांना विचारा. ठरलेली नसेल, तर ठरवून घ्या.