विकिपीडियाच्या वर्गातील पुण्याचा धडा

इंटरनेट केवळ वाचण्यासाठी नसून वाचणाऱ्याने तेथे लिहितेही व्हावे, ही कल्पना या शतकाच्या पहिल्या दशकात ‘वेब २.०’ या नावाने जगभर रुजली. भारतीय महाविद्यालयांत तिची एक मोठी कसोटी पुण्यात लागली. विकिपीडियाचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकेतील विकिमीडिया फाउंडेशनने २०११ च्या जुलैमध्ये पुण्यात ‘इंडिया एज्युकेशन प्रोग्राम’ सुरू केला. अभियांत्रिकी महाविद्यालय (सीओईपी), सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ या संस्थांतील हजाराहून अधिक विद्यार्थी त्यात सहभागी झाले. त्यांनी सत्रकार्याचा भाग म्हणून आपल्या अभ्यासक्रमातील विषयांवर इंग्रजी विकिपीडियात लिहावे, अशी योजना होती. सत्र संपण्यापूर्वीच, नोव्हेंबरमध्ये, ती गुंडाळावी लागली.

योजनेमागील विचार चुकीचा नव्हता. महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे लेखन एरवी एकच व्यक्ती वाचते, तेही वाचले तर. विकिपीडियावरील लेख कोणीही वाचतो, प्रत्येक विधानाला संदर्भ मागतो, न पटल्यास चर्चापानावर जाब विचारतो. लेखात कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची नोंद ‘इतिहास’ या विभागात कायम राहते. अमेरिकेतील काही विद्यापीठांत २०१० पासून हा प्रयोग सुरू झाला होता. त्याच धर्तीवर पुण्याची निवड झाली.

प्रत्यक्षात घडले ते निराळेच. पाठ्यपुस्तकांतील आणि संकेतस्थळांवरील उतारे जसेच्या तसे लेखांत येऊ लागले. विकिपीडियावर स्वामित्वहक्काचा भंग करणारा मजकूर राहू शकत नाही. तो वगळला गेला की विद्यार्थी पुन्हा तोच चिकटवीत. जगाच्या कानाकोपऱ्यातून विनामोबदला काम करणाऱ्या संपादकांवर एकेक वाक्य शोधून तपासण्याची वेळ आली आणि हे निस्तरणे कार्यक्रम बंद झाल्यावरही चालू राहिले. काही विद्यार्थ्यांनी चांगले लेखन केले, हेही नमूद करायला हवे. ते या गदारोळात झाकले गेले.

फाउंडेशनने नंतर या अपयशाची स्वतंत्र व्यक्तीकडून चिकित्सा करून घेतली. एकदम इतके वर्ग घेण्याची घाई झाली, विद्यार्थ्यांना मदत करण्यासाठी नेमलेल्या ‘कॅम्पस ॲम्बेसिडर’ मंडळींपैकी बहुतेकांना स्वतःलाच विकिपीडियावर लिहिण्याचा अनुभव नव्हता, आणि जुन्या संपादकांना विश्वासात घेतले गेले नाही, असे दोष त्यातून पुढे आले. ते खरेच आहेत. मात्र केवळ व्यवस्थापनावर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही.

उतरवून काढणे ही आपल्या विद्यार्थ्याच्या लेखी चोरी नसतेच. शाळेत फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवायचे, परीक्षेत गाइडमधील उत्तर शब्दशः आले की पूर्ण गुण मिळवायचे, आणि विज्ञान-अभियांत्रिकीला गेल्यावर मागच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे जर्नल उतरवून त्यावर सही घ्यायची. बारा-पंधरा वर्षे ज्याला शाबासकी मिळाली तेच त्याने विकिपीडियावर केले. वर्गात ते झाकून जात होते, येथे ते जगासमोर उघडे पडले, इतकाच फरक. स्वतःच्या शब्दांत लिहा, असे सांगितले तरी तसे लिहिण्याचा सराव त्याला कोणी दिला होता?

त्यात भाषेची अडचण होती. इंग्रजीतून शिकणारा प्रत्येक जण इंग्रजीतून लिहू शकतो, असे आपण धरून चालतो. परक्या भाषेत एखादा किचकट मुद्दा पुन्हा मांडताना अर्थ बदलेल ही धास्ती असते. छापील वाक्य उचलणे सुरक्षित वाटते. शिवाय, इंग्रजी विकिपीडियात अभ्यासक्रमातील बहुतेक ठळक विषयांवर आधीच भरपूर लिहिलेले होते. नवख्याने भर घालावी अशी जागा थोडी आणि राखणदार पुष्कळ!

पुण्यानंतर काही महिन्यांतच, २०१२ च्या आरंभी, फाउंडेशनने कैरो विद्यापीठ आणि ऐन शम्स विद्यापीठात असाच प्रयोग केला. या वेळी मोजकेच विद्यार्थी होते, त्यांत भाषा-विभागांतील बरेच. ते लिहिणार होते अरबीत, आणि पुण्यातील चुका आयोजकांच्या डोळ्यांसमोर होत्या. तेथील लेखनाचे स्वागत झाले, कार्यक्रम पुढे चालू राहिला.

हा अनुभव महाराष्ट्राला अधिक लागू पडतो. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. त्याची लेखसंख्या आता लाखाच्या घरात आहे, तर इंग्रजीने २०२० मध्येच ६० लाखांचा टप्पा ओलांडला होता. म्हणजे मराठीत लिहायला रान मोकळे आहे. नवशिक्याने गिरवण्यासाठी तेथे जे पान मिळते, त्याचे नावही ‘धूळपाटी’ असे समर्पक आहे. गोव्यात २०१३ मध्ये गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला आणि विद्यार्थ्यांच्या मदतीने तो इंटरनेटवर आणण्याचे काम हाती घेतले. २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला. नकलून टंकलिखित करणे हे लेखन नव्हे हे मान्य. पण विद्यार्थी आपल्या भाषेच्या ज्ञानसाठ्याला हात लावतो, हेही कमी नाही.

सरकारी पातळीवर मात्र ‘डिजिटल शिक्षण’ याचा अर्थ अजूनही पाहणे आणि ऐकणे असाच घेतला जातो. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ मध्ये आले, २०२० च्या टाळेबंदीत वर्गच मोबाइलवर भरले. या साधनांचा उपयोग झालाच. तरीही त्यांत विद्यार्थी घेणाराच राहिला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि पुण्यातील प्रश्नाने नवे रूप घेतले. उतारा चिकटवण्याची आता गरज उरली नाही; विद्यार्थ्याच्या नावावर खपेल असे ताजे वाक्य यंत्रच तयार करून देते. मूळ वाक्य शोधून चोरी पकडण्याची जुनी रीत त्यापुढे निरुपयोगी ठरते. विकिपीडियाकडे निदान लेखाचा इतिहास, संदर्भ तपासण्याची सवय आणि हटकणारी माणसे आहेत. न तपासता टाकलेले यंत्रलिखित लेख चर्चेविना तडक वगळता येतील, असा नियम इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये केला. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत मात्र प्रकल्प कसा लिहिला गेला, कोणता परिच्छेद का बदलला, हे विचारण्याची सोय अद्याप नाही. सूचनाफलकावर लागते ती स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत जमा करण्याची शेवटची तारीख.