गोळीचा हिशेब

२०२० साली जुलैत रोह्यात आणि डिसेंबरात पेणमध्ये अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले, तेव्हा अख्खा रायगड संतापला. तो संताप माझाही होता. पण अशा वेळी ‘एन्काउंटर करा’ अशी जी मागणी उठते, तिला माझा ठाम विरोध आहे. कुणाचा जीव जाण्याच्या बेतात असेल आणि तो वाचवायला दुसरा उपाय उरला नसेल, तरच पोलिसाची गोळी समर्थनीय ठरते. झालेल्या गुन्ह्याची शिक्षा देणं हे न्यायालयाचं काम. म्हणूनच मुंबईतल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ निर्देश दिले : गुन्हा नोंदवा, तपास स्वतंत्र यंत्रणेकडे द्या, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करा. आपल्या जिल्ह्याला तरी हे पटायला हवं. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबाराने आठ जणांचा बळी घेतला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात जमिनीचा न्याय्य मोबदला मागणारे पाच जण गोळ्यांनी गेले. बंदुकीला जाब विचारणं आपण सोडलं, तर ती निरपराधांवरही रोखली जाईल. पीडित कुटुंबांसाठी मागायचंच असेल, तर चोख तपास आणि जलद खटला मागूया.