शाळेच्या अंगणांतील पर्जन्यमापक

हवामान बदलत चाललें आहे, हें आतां आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतही आलें आहे. ही गोष्ट इष्टच होय. परंतु धडा तोंडपाठ करून घ्यावा, जून महिन्याच्या 5 तारखेस एखादें रोप लावावें आणि मग वर्षभर त्या रोपाकडे कोणी ढुंकूनही पाहूं नये, अशी जी रीत पुष्कळ ठिकाणीं पडली आहे, तिनें मुलांस कांहीं उमजतें असें आम्हांस वाटत नाहीं. शेतकऱ्याच्या मुलास हा विषय मोजून, लिहून व डोळ्यांनीं पाहून शिकविला पाहिजे, असें आमचें मत आहे. तें कशावरून बनलें, हें वाचकबंधूंपुढें मांडतों.

आमची उमर महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. मंडळाच्या यंत्रावर 24 तासांत 65 मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे अतिवृष्टि धरावयाची, असा आमच्या नोकरींत प्रघात होता. एके वर्षीं हस्ताच्या पावसांत एका गांवचीं ओढ्याकाठचीं शेतें खरडून गेलीं. मंडळाचें यंत्र तेथून चार कोस दूर. त्यावरील नोंद 65 च्या निम्मीही नव्हती. गांवकरी कचेरींत आले व म्हणाले, "भाऊसाहेब, आभाळ फाटलें होतें." आम्हीं विचारलें, "पाऊस किती झाला?" वीस-पंचवीस कर्ते पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले. आकडा कोणापाशींच नव्हता. त्यांचें म्हणणें खरें होतें, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नव्हती. पण "आभाळ फाटलें" हें कागदाच्या कोणत्या रकान्यांत लिहावें? ती गोष्ट आजही आम्हांस सलते.

पाऊस जागोजागीं किती निराळा पडतो, याचें एक सर्वश्रुत उदाहरण आहे. 26 जुलै 2005 रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशीं कुलाब्यास तो 75 मिलिमीटरही भरला नाहीं. एका शहराची ही गत, तर मंडळांतील निरनिराळ्या गांवांची काय सांगावी?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक शाळेच्या अंगणांत, झाड व भिंत यांपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावा. विकतचा न मिळाल्यास सपाट बुडाचें, सरळ उभ्या बाजूंचें भांडें व एक मोजपट्टी यांवरही शिकण्यापुरतें भागतें. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणें रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाळीच्या मुलानें माप वाचावें, वहींत मांडावें व भांडें रितें करावें. पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावें. जागा कोरी ठेवूं नये. शून्य ही नोंद आहे, कोरी जागा ही चूक आहे.

मग त्या आकड्यांचें गणित करावें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरावर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर सुमारें 101 लिटर. एकरावर 4,000 लिटरांहून अधिक. हा हिशेब मुलानें स्वतः केला कीं बांध कशासाठीं घालावयाचा हें त्यास निराळें सांगावें लागत नाहीं. त्याचप्रमाणें दोन उथळ डब्यांत सारखी माती भरावी. एक उघडी ठेवावी, दुसरीवर पाचट पसरावें. दोन्ही डबे सारखेच उतरते ठेवून झारीनें सारखेंच पाणी घालावें. खालच्या भोकांतून किती पाणी व किती गाळ येतो, हें मुलांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहावें.

येथें एक सावधगिरी हवी. एका सालच्या वहीवरून हवामान बदललें असें कोणी म्हणूं नये. एप्रिल 2016 मध्यें मिरजेहून आगगाडीनें लातुरास पिण्याचें पाणी न्यावें लागलें. तीनच वर्षांनीं, ऑगस्ट 2019 मध्यें, त्याच सांगली जिल्ह्यांतील गांवें पुरांत बुडालीं. अशीं सालें मागेंही आलीं असतील. हवामान ठरवावयास शास्त्रज्ञ निदान 30 वर्षांच्या नोंदी पाहतात. तशा नोंदींवरूनच कळलें कीं 2011 ते 2020 या दशकांत पृथ्वीचें सरासरी उष्णतामान 1850 ते 1900 या काळाहून सुमारें 1.1 अंश सेल्सिअसनें अधिक होतें. कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत कार्बन डायऑक्साइड वायु वाढतो व तो उष्णता अडवून धरतो. हवा एक अंशानें तापली कीं तींत सुमारें 7 टक्के अधिक वाफ मावते. म्हणून पडतो तेव्हां पाऊस धो धो पडतो. 1950 ते 2015 या काळांत मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले, असें शास्त्रज्ञांस आढळलें आहे. ज्या मुलानें स्वतः पाऊस मोजला, त्यास हे आकडे परके वाटणार नाहींत.

कोणी म्हणेल, शिक्षकांवर आधींच कामाचा बोजा आहे. खरें आहे, पण हें काम रोज पांच मिनिटांचें असून तें मुलांनींच करावयाचें आहे. सुट्टींत पालकांनीं पाळी घ्यावी. दुसरा म्हणेल, शाळेची वही सरकारी पुरावा नव्हे. तेंही आम्ही जाणतों. तरी ज्या गांवापाशीं दहा वर्षांची अखंड नोंद आहे, त्या गांवास मंडळाच्या आकड्याची फेरचौकशी मागतांना चार शब्द ठामपणें बोलतां येतील. आणि मुलें पुढें शेतींत राहोत वा न राहोत, ऐकीव आणि मोजलेलें यांतील भेद त्यांस कळेल, हा लाभ कोठेंही कमी होणार नाहीं.

खर्च फार नाहीं. मृगापूर्वीं आपापल्या गांवच्या शाळेंत जाऊन गुरुजींशीं व बाईंशीं बोलावें, भांडें व वही आपण द्यावी, आणि पहिल्या पावसाची नोंद मुलांच्या हातून करवावी, अशी सभासदांस आमची विनंती आहे.